जुन्या वास्तूंची पत्रपेटी: देवळाचं दार रोज उघडायचं तर

या महिन्यात एकाच वास्तूबद्दल पाच पत्रं आली. आधी वाटलं, कुणी ठरवून पाठवली असतील. पत्रं पुढ्यात पसरून वाचली तेव्हा लक्षात आलं, की पाचही जणांनी एकमेकांना न सांगता लिहिलंय. वास्तू आहे सोलापुरातल्या लष्कर भागातलं एक छोटं ख्रिस्ती देऊळ. आपल्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतात. पत्रांत कुणी चॅपेल लिहिलंय, कुणी चर्च. मी एप्रिलच्या एका दुपारी जाऊन ते पाहून आले, त्यामुळे या वेळची उत्तरं ऐकीव माहितीवरची नाहीत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेवरून देत नाही.

पत्र पहिलं

"मंडळीच्या, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजाच्या, पंचकमिटीत मी खजिनदार आहे. देऊळ काळ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, आत सागवानी बाक. दारावरच्या पाटीतलं साल झिजून गेलंय, पण माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा इथलाच. पूर्वी रविवारी बाक कमी पडायचे. आता पोरं पुण्याला गेली, काही घरं जुळे सोलापूरला गेली, उपासनेला पंचवीस माणसं येतात. पावसाळ्यात चार ठिकाणी बादल्या ठेवतो. एक ठेकेदार म्हणतो, आतबाहेर सिमेंटचा गिलावा, व्हिट्रिफाइड फरशी आणि वर पत्रा टाकून देतो, मग लग्नकार्याला हॉल भाड्यानं द्या, पैसे वसूल. तरुण पोरं म्हणतात अभ्यासिका काढू. आम्हाला देऊळ टिकवायचंय आणि ते आजूबाजूच्या वस्तीच्याही कामी यावं असं वाटतं. सुरुवात कुठून करू?"

सलाम, खजिनदारसाहेब. सुरुवात त्या चार बादल्यांपासून करा.

तुमच्या देवळाच्या राखणदारानं मला बादल्यांच्या जागा दाखवल्या. मी फरशीवर खडूनं चार फुल्या मारल्या आणि एकेका फुलीवर उभी राहून मान वर केली. दोन फुल्या मागच्या भिंतीला लागून होत्या. तिथं कौलं आणि भिंत जिथं भेटतात, त्या सांध्यावर कधीतरी सिमेंटची पट्टी मारलीय. ती उन्हानं तडकलीय. तिसऱ्या फुलीच्या वर एक रीप, म्हणजे कौलं टेकतात ती लाकडी पट्टी, कुजून खाली बसलीय, तिच्यावरची कौलं घसरलीत. चौथीच्या वर उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल आहे, त्याचा कोपरा उडालाय. म्हणजे अख्खं छप्पर उतरवून पत्रा टाकण्याजोगं वर काहीही झालेलं नाही. एक चांगला सुतार, एक कौलारू कामाचा माणूस आणि आठ-दहा दिवस, एवढंच हे काम आहे, आणि ते रोहिणीच्या आत उरकायला हवं.

आवारात पडलेलं एक फुटकं कौल मी उचलून उलटं केलं. पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा ठसा होता, अक्षरं अजून बोटाला लागतात. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. तिथल्या नद्यांकाठची चिकणमाती यंत्रानं दाबून केलेली ही कौलं पुढं रेल्वेच्या स्टेशनांवर, शाळांवर, बंगल्यांवर सगळीकडं गेली. असं कौल पत्र्याच्या मोबदल्यात भंगारात जाताना पाहिलं की माझ्या पोटात कालवतं. आणि सोलापूरच्या उन्हात पत्रा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसाची सर आली तर प्रार्थनेतला शब्द कानावर पडणार नाही, हे वेगळंच.

आता भिंती. बाहेरून देवळाला फेरी मारली तेव्हा दक्षिणेच्या भिंतीचे सांधे करड्या सिमेंटनं भरलेले दिसले. बाकी तिन्ही भिंतींना मूळचा चुना आहे. मग आत गेले. दक्षिणेच्याच भिंतीला आतून गुडघ्याएवढ्या उंचीवर गिलाव्याला फोड आलेत, नखानं खरवडलं की पांढरी पूड पडते. हा लोणा. बाकी तीन भिंती कोरड्या. काळा दगड पाणी पीत नाही. भिंतीच्या पोटात शिरलेली ओल बाहेर पडते ती चुन्याच्या सांध्यांतून. ते सांधे सिमेंटनं बुजवले, की ओल दुसरी वाट शोधते आणि आतल्या गिलाव्यातून फुटते, जाताना क्षार मागं ठेवून. ठेकेदार चारही भिंतींना आतबाहेर हेच करायचं म्हणतोय.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जुन्या वाचनालयाच्या दुरुस्तीवर मी सही केली होती. घाई होती, पावसाळा तोंडावर होता, चुन्याचा माणूस मिळेना. मी सिमेंटनं दर्जा, म्हणजे दगडांचे सांधे, भरायला परवानगी दिली. पाच-सहा पावसाळ्यांनंतर गेले तर पुस्तकांची खालची ओळ बुरशीनं काळी पडली होती. एका म्हाताऱ्या वाचकानं मला एक बाड उघडून दाखवलं, पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. ते काही बोलले नाहीत, बाड परत कपाटात ठेवलं. ती भिंत मी पुढं आठ महिने राबून चुन्यात परत केली, पण पुस्तकं गेली ती गेलीच. तेव्हापासून जुन्या दगडी भिंतीला सिमेंट लावू देत नाही.

दक्षिणेच्याच बाजूला दुसरी गोष्ट पाहा. रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेलाय. तुमचं जोतं पूर्वी बाहेरून तीन पायऱ्या होतं, आता एकच पायरी दिसते, दोन गाडल्या गेल्यात. वर पेव्हर ब्लॉक थेट भिंतीला भिडवलेत. पाणी मुरायला जागा नाही, ते भिंतीतच चढतं. भिंतीपासून दोन-अडीच फूट पेव्हर काढा, खडी भरा, बाजूनं उताराची उघडी गटार काढा. या कामाला खर्च सगळ्यात कमी आणि गुण सगळ्यात मोठा.

फरशीला हात लावू नका. ती शहाबादी आहे, याच रेल्वेमार्गावरून आलेली. शंभर वर्षं अनवाणी पायांनी घासून तिला आलेली झिलई कुठल्याही दुकानात मिळणार नाही. सरकलेल्या सात-आठ फरश्या चुन्याच्या थरावर परत बसवा, झालं.

आता उपयोगाचं. लग्नाच्या हॉलचं गणित तुम्हाला सोपं वाटतंय, कारण त्यात भाडं एकदम मोठं दिसतं. पण देवळाला मोठं दार एकच. आत मावणार दीडशे माणसं, लग्नाला येणार चारशे. मांडव आवारात, आचारी मागच्या भिंतीला, तेलाचा धूर वरच्या लाकडी तक्तपोशीत. वर्षात मुहूर्त किती, आणि उरलेले दिवस काय? बंद. जुन्या वास्तूला वापरापेक्षा बंद राहणं जास्त मारतं. वाळवी बंद घरात वाढते, कबुतरं बंद घरात राहतात, पिंपळाचं रोप बंद घराच्या वळचणीला हातभर वाढेपर्यंत कुणाला दिसत नाही. तुमच्याही भिंतीत ते आहे, उत्तरेच्या कोपऱ्यात, उपटू नका, बुंध्याशी कापून मूळ मारावं लागेल.

म्हणून माझं मत पोरांच्या बाजूनं आहे. सकाळी सात ते रात्री दहा अभ्यासिका. रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी उपासना, त्या वेळात अभ्यासिका बंद, हे पाटीवर ठळक लिहून. महिन्यातून एखाद्या शनिवारी संध्याकाळी व्याख्यान किंवा गाणं. चाळीस जागा आणि महिना पाचशे रुपये धरले तर वीस हजार येतात. राखणदाराचा पगार, वीज, झाडलोट भागून दरसाल थोडे पैसे छपरासाठी बाजूला पडतात. श्रीमंती नाही, पण दार रोज उघडतं आणि रोज कुणीतरी वर बघतं. गळती पहिल्या दिवशी कळते.

आत जे काही ठेवाल ते उचलून नेता येईल असं असू द्या. भिंतीत खिळा नाही, फरशीत बोल्ट नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट गावात तेराव्या शतकातलं डॉमिनिकन साधूंचं चर्च आहे. १७९४ साली फ्रेंच फौजा आल्या तेव्हा तिथली उपासना थांबली, पुढं सायकली ठेवण्यापर्यंत सगळे उपयोग झाले. २००६ साली त्यात पुस्तकांचं दुकान उघडलं. पुस्तकांसाठी त्यांनी आत पोलादाचा उंच मनोरा उभा केला, जिन्यासकट, पण तो स्वतःच्या पायांवर उभा आहे. उद्या तो काढला तर चर्च होतं तसं मिळेल. आपल्याला पोलाद नको, सागवानी किंवा बाभळीची टेबलं पुरतील. तत्त्व मात्र तेच धरा. सोलापुरातही उदाहरण आहेच: आप्पासाहेब वारदांनी राहायला बांधलेल्या इंद्रभुवनात पुढं महापालिकेचा कारभार आला. आणि उलट उदाहरणही आहे. १८७७ ची जुनी मिल, ती कापडगिरणी, आता आपण पत्त्यात तेवढी जपलीय.

कागदांचं थोडक्यात सांगते. मंडळीची मिळकत सार्वजनिक न्यासाची असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ३६ वं कलम वाचा. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. अभ्यासिका मंडळीनं स्वतः चालवली तर हा प्रश्नच उभा राहत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. महापालिकेच्या वारसा यादीत तुमची वास्तू आहे का, हे नगररचना विभागात विचारा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत बांधकामाचे नियम वेगळे असतात, तेही मोजून घ्या. ठरावाच्या वहीत प्रत्येक गोष्ट लिहा.

पत्र दुसरं

"मी निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. माझं लग्न याच देवळात झालं, मिस्टरांची अंत्ययात्राही इथूनच निघाली. आता तिथं पोरं वह्या पसरून बसणार, चहा पिणार, मोबाइल वाजणार. कमिटीतली माणसं मला जुन्या विचारांची म्हणतात. जागा पवित्र असते की नाही?"

असते, बाई. आणि तुमच्या पत्रामुळंच मी त्या दिवशी आधी सगळा आराखडा बाजूला ठेवून वेदीसमोरच्या दुसऱ्या बाकावर बसले.

बाकाच्या पाठीवर, हात ठेवतो तिथं, लाकूड खोलगट झालंय. पुढं दोन पायऱ्या, वर प्रभुभोजनाचं मेज, डावीकडं पाळकांचं उपदेशपीठ, उजवीकडं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. कुंडाच्या कडेला एक छोटा टवका उडालाय, त्यावर कुणीतरी पांढरा रंग लावलाय. भिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत. एका पाटीवर चार महिन्यांच्या बाळाचं नाव आहे. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं आणि आत त्या काळ्या भिंतीला तळहात लावला तर गार. मला कुठलाही आराखडा सुचला नाही बराच वेळ.

मी कमिटीला हे सुचवणार आहे. त्या दोन पायऱ्या ही सीमा. पायऱ्यांच्या वर अभ्यासिकेची एकही खुर्ची जाणार नाही, साउंड सिस्टिम नाही, कपाट नाही. मेज, उपदेशपीठ, कुंड, पाट्या जिथं आहेत तिथंच, उघडे. पडदा लावून झाकायचा बेत कमिटीतल्या एकांनी बोलून दाखवला, मला तो मान्य नाही. झाकलेल्या गोष्टीची आठवण लवकर जाते. अभ्यासाला बसणारी मुलं कुठल्या जागेत बसलीत हे त्यांना दिसत राहू दे. चपला बाहेर काढायच्या, जशा तुम्ही आजवर काढत आलात. चहा, डबा आवारात निंबाखाली. मोबाइल दारातल्या लाकडी खणात. हे नियम अभ्यासिकेच्याही सोयीचे आहेत, म्हणून ते पाळले जातील.

बाकांबद्दल कमिटीत मतं दोन आहेत. मला वाटतं पुढचे सहा बाक जागेवर राहावेत, मागचे भिंतीकडं सरकवून तिथं टेबलं लागावीत. एकही बाक विकू नये. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या रविवारी बाहेरगावची सगळी घरं परत येतात, तेव्हा ते बाक लागतात.

आणखी एक विनंती, बाई. पाट्यांवरच्या नावांमागची माणसं आता फार थोड्यांना माहीत असतील. एक वही घ्या आणि आठवेल तसं लिहून ठेवा: कोण कुठल्या शाळेत होतं, प्लेगात कोण गेलं, पेटी कोण वाजवायचं, घंटा कुणी आणली. अभ्यासिकेतलं पहिलं कपाट त्या वहीसाठी ठेवायला मी सांगते. जुन्या विचारांच्या म्हणून तुम्हाला बाजूला बसवून हे काम होणार नाही, हे मी कमिटीसमोर तुमच्यादेखत बोलेन.

पत्र तिसरं

"मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. घरात आम्ही सातजण आणि दोन यंत्रमाग, रात्री दहापर्यंत खडखडाट. चर्चमध्ये अभ्यासिका झाली तर आमच्या गल्लीतली वीस पोरं येतील. पण मे महिन्यात तिथं बसवेल का? एसी लावता येईल का? आणि आत बोललं की आवाज फार घुमतो."

बाळा, मीसुद्धा पूर्व भागातली. वडील मागावर होते, दहावीचा अभ्यास मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसून, कानात कापूस घालून केलाय. म्हणून तुझं पत्र दोनदा वाचलं.

एसी नको. आतली जागा ढोबळमानानं साठ फूट लांब, तीस फूट रुंद आणि सरासरी बावीस फूट उंच आहे, म्हणजे चाळीस हजार घनफुटांच्या आसपास हवा. कौलांच्या फटींतून थंड हवा निघून जाईल आणि बिल मंडळीला बुडवेल. खिडक्या कायम बंद राहिल्या तर भिंतींची ओलही आतच कोंडेल. आणि या वास्तूला गारव्याची स्वतःची रीत आहे, ती आपण बिघडवलीय. वर आढ्याजवळ दोन्ही टोकांना गोल झरोके आहेत, गरम हवा जायला. दोन्ही प्लायवूड ठोकून बंद केलेत, कबुतरांसाठी. प्लाय काढून बारीक जाळी लावायची. खिडक्यांना खाली तिरक्या लाकडी पट्ट्यांच्या झिलमिल्या आहेत, रंगाचे थर बसून त्या गोठल्यात, एकही हलत नाही. रंग खरवडून त्या मोकळ्या करायच्या. मग नेम असा: रात्री नऊला झिलमिल्या आणि झरोके उघडायचे, रात्रभर वारं खेळू द्यायचं, दोन फुटी दगडी भिंत रात्री निवते. सकाळी नऊला, झळा सुरू होण्याआधी, खालचं सगळं बंद. पारा बेचाळिसावर गेला तरी भिंत आपला रात्रीचा गारवा दुपारभर पुरवते. तुझी आजी माळवदाच्या घरात हेच करत असणार, तिला विचार.

वर लांब दांडीचे पंखे. साधा पंखा ७५ वॅट खातो, नव्या, वीज वाचवणाऱ्या बीएलडीसी मोटारीचा तीसच्या आसपास. बारा पंखे दहा तास फिरले तरी चार युनिटच्या आत. वायरी भिंत फोडून न्यायच्या नाहीत, तक्तपोशीच्या पट्टीवरून उघड्या न्यायच्या. प्रत्येक टेबलावर छोटा दिवा, म्हणजे छताला झगझगाट करायला नको.

आता आवाज. मधोमध उभी राहून मी टाळी वाजवली आणि मोजायला लागले. तीन म्हणेपर्यंत घुमत होती. भजनाला हे गोड लागतं, पेटीचा सूर तिथं अंगावर येतो. भाषणाला आणि अभ्यासाला मात्र त्रास. हार्वर्डमध्ये १८९५ च्या सुमाराला एका नव्या व्याख्यानगृहात असंच घुमायचं, शिकवलेलं कळायचं नाही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. खोलीत मऊ, जाड, सच्छिद्र पृष्ठभाग किती आहे, त्यावर घुमणं ठरतं, हा हिशोब त्यातून निघाला.

गाद्या आपल्याकडं नाहीत, पण चादरी आहेत! साठ बाय नव्वद इंची जाड सोलापुरी चादर दुमती करून, लाकडी दांडीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून टांगायची. मागं हवा राहिली की ती आवाज जास्त खाते आणि भिंतही कोरडी राहते. दांडी खिडक्यांच्या चौकटींच्या आधारानं टांगायची, दगडात खिळा नाही. दोन्ही लांब भिंतींवर मिळून तीस-चाळीस चादरी, सगळ्या एका रंगाच्या, फिक्या. उपासनेच्या दिवशी भजनाला आवाज हवा असेल तर दांड्या उतरवायला दहा मिनिटं लागतात. सुती कापड आहे, वायरींपासून आणि मेणबत्त्यांपासून लांब ठेवायचं, दारापाशी अग्निशामक नळकांडं हवंच. तुझ्या घरच्या मागावर डाग पडलेला, दुय्यम माल निघत असेल तर वडिलांना विचारून ठेव. भाव नीट ठरवून घेऊ, फुकट नको.

पत्र चौथं

"आमचा नऊ बायकांचा बचत गट आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. चर्चच्या मागं पडकी खोली आहे ती मिळेल का? आमच्यातल्या एकीला पायानं चालता येत नाही, तिची तीनचाकी आत जाईल का?"

ताई, खोली मिळावी असं मलाही वाटतं. चूल देवळात नको, मागच्या खोलीत जरूर, मधे पंधरा पावलांचं अंतर आहे आणि वारा दुसरीकडचा. मात्र त्या खोलीचं छप्पर गेलंय, ते नवं करावं लागेल, आणि नवं करायचंच तर सपाट करू. सोलरचे पत्रे तिथं बसतील, देवळाच्या कौलांवर मी ते चढवू देणार नाही. दोन किलोवॅटला साधारण दोनशे चौरस फूट लागतात, दिवसाला आठेक युनिट मिळतात. अभ्यासिकेचे पंखे-दिवे त्यात भागतात, तुमच्या पिठाच्या गिरणीचं नंतर बघू.

पाण्याचं तुम्हाला माहीतच आहे, उजनीचं पाणी रोज नळाला येत नाही. देवळाच्या छपराखाली एकशेसत्तर चौरस मीटर जागा येते. वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी सत्तर हजार लिटरच्या जवळ पाणी पन्हळीतून येतं. दहा हजारी टँकरचे सात टँकर. आपल्याकडं मोठा पाऊस सप्टेंबरात, म्हणून टाकी तोवर तयार हवी. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं. धुण्या-पुसण्याला, स्वच्छतागृहाला, झाडांना ते पुरेल, भाकरीच्या पिठाला नळाचंच वापरा. स्वच्छतागृहही त्याच मागच्या बाजूला, देवळाच्या भिंतीला न चिकटवता.

तीनचाकीसाठी उतार हवा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, याहून उभा नको. मुख्य दारापाशी, जिथं रस्ता चढलेला नाही, अडीच फूट चढ आहे, म्हणजे तीस फूट उतार आणि मधे टेकायला एक सपाट जागा. मुख्य दाराच्या बाजूनं तो सरळ बसतो, मी पावलांनी मोजून पाहिलं. जोत्यापासून दोन इंच सुटा ठेवायचा. मैत्रिणीला सांगा, पायरी टाळायला मागून कुठून तरी तिला आत न्यायचं नाही. उपासनेला सगळे जातात त्याच दारानं ती जाईल, तो उतार मुख्य दारालाच मिळतो.

पत्र पाचवं

"मी गवंडी. ठेकेदारानं हे काम मला सांगितलंय. मला सिमेंट येतं. वडील चुन्यात काम करायचे, बैलाच्या घाणीवर चुना मळलेला मी लहानपणी पाहिलाय, पण शिकलो नाही. वडील आता ऐंशीचे, हात थरथरतो. चुन्याचं काम मला जमेल का? आणि उतरवलेली कौलं टाकायची कुठं?"

मिस्त्री, जमेल. तुम्ही हे विचारलंत यातच अर्धं काम झालं.

कळीचा चुना आणा, खड्ड्यात आधी पाणी भरा आणि त्यात चुना थोडाथोडा सोडून विरवा. तो उकळतो, पोरांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. विरलेला चुना पाण्याखाली झाकून निदान तीन आठवडे, जमलं तर दोन महिने मुरू द्या. मग एक भाग चुना, एक भाग भाजक्या विटांचा चाळलेला चुरा म्हणजे सुरकी, दोन भाग धुतलेली वाळू. घाणी नसेल तर मिक्सर नको, लाकडी दांड्यानं कुटा, दिवसभर कुटा. दक्षिणेच्या भिंतीतलं सिमेंट काढताना ग्राइंडर चालवू नका, दगडाच्या कडा जातात. छिन्नी आणि छोटा हातोडा, एका दिवसात दोन हात लांबी झाली तरी पुष्कळ. सांधा इंचभर खोल मोकळा करा, फडक्यानं धूळ काढा, पाणी मारा, मग चुना दाबून भरा. दगडाच्या तोंडाशी किंचित आत ठेवा, वर पसरवू नका.

हे काम आता उन्हाळ्यात करायचं नाही. चुना उन्हात भाजून निघतो आणि पिठासारखा झडतो. पाऊस ओसरला की दिवाळीच्या सुमाराला धरा, थंडी संपेपर्यंत उरका. भरलेल्या सांध्यांवर ओलं गोणपाट पंधरा दिवस. उन्हाळ्यात फक्त छप्पर, गटार आणि चुना विरवून ठेवणं. ठेकेदाराचं म्हणाल तर त्याच्याशी कमिटी बोलेल. मजुरी रोजावर असावी, चौरस फुटावर नको, हे मी लिहून दिलंय. चौरस फुटाचा दर लावला की चुना मुरत नाही.

कौलांचं: एकही टाकू नका. धड असतील ती मागच्या भिंतीला उभी लावून ठेवा, ठसा वर दिसेल अशी. छपराच्या पुढच्या पाखावर, म्हणजे उतारावर, सगळी जुनी लावू, नवी आणावी लागली तर ती मागच्या पाखावर. फुटकी वेगळ्या ढिगात. ती कुटून चाळली की त्याचीच सुरकी होते आणि तुमच्या चुन्यात जाते.

पहिला नमुना उत्तरेच्या भिंतीवर पिंपळ कापल्यावर तिथंच करू, हातभर जागेत. मी त्या दिवशी सकाळी सातला येते. येताना वडिलांना घेऊन या, खुर्ची निंबाखाली टाकून ठेवायला राखणदाराला सांगितलंय. हात थरथरू दे. चुना दोन बोटांत चोळून तो तयार झाला की नाही, एवढं त्यांनी सांगायचं आहे.